प्रार्थना पुरातन असली तरी चालीला मालक असतो

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या बेने इस्राएल (महाराष्ट्रातील मराठीभाषक यहुदी) समाजातील धर्मशिक्षणाच्या वर्गांत मुलांकडून हिब्रू प्रार्थनागीते बसवून घेतली जातात आणि त्यांचे ध्वनिमुद्रण यूट्यूबवर टाकले जाते किंवा इस्रायलमधील नातेवाइकांना पाठवले जाते. समाज लहान आहे आणि मुलांच्या कानावर हिब्रू पडण्याचे प्रसंग त्याहून कमी, त्यामुळे हे काम मोलाचे आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु या ध्वनिमुद्रणांखाली बहुधा ‘पारंपरिक’ एवढेच लिहिलेले असते, आणि पुष्कळदा ते खरे नसते. ज्या मुलांना आपण धर्म शिकवतो, त्यांच्याच तोंडून दुसऱ्याची रचना त्याचे नाव न घेता गाऊन घेतली जाते, हे मला खटकते आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

शब्बाथच्या (शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या साप्ताहिक विश्रांतीदिवसाच्या) संध्याकाळी म्हटले जाणारे ‘शालोम आलेखेम’ काही शतकांपूर्वीचे आहे. पण त्याची जगभर सर्वाधिक रुळलेली चाल इस्रायल गोल्डफार्ब या रब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) 1918 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बांधली. ती इतकी पसरली की मोशेनेच (मोझेसनेच) ती सिनाई पर्वतावरून आणली असे लोक मानू लागले, असे त्यांनी उतारवयात स्वतः लिहून ठेवले आहे. ती चाल त्याच काळात छापली गेल्याने अमेरिकेत आज तिच्यावर कोणाचा हक्क उरलेला नाही. ‘ओसे शालोम’ची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचे शब्द प्राचीन प्रार्थनेतले असले, तरी आपल्या मुलांना सर्वांत आधी येते ती चाल नुरित हिर्श (जन्म 1942) यांनी 1969 च्या हसिदी (यहुदी भक्तिपंथीय) गीत महोत्सवासाठी रचली होती. इस्रायलच्या 2007 च्या कायद्यानुसार रचनाकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षे आणि भारतात 60 वर्षे हक्क टिकतो, म्हणजे ही चाल आपल्या नातवंडांच्या काळातही मुक्त होईल असे नाही. अमेरिकेतील यहुदी शाळांत घरोघरच्या झालेल्या डेबी फ्रीडमन (1951–2011) यांच्या रचनांनाही हेच लागू पडते.

यावर नेहमीचे उत्तर असे मिळते की धार्मिक कार्याला कायद्यात सूट आहे. सूट आहे, पण तिची मर्यादा वाचून पाहिली पाहिजे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात होणाऱ्या गायनाला मुभा देते. शाळेतील विद्यार्थी आणि शिक्षकांनी केलेल्या सादरीकरणालाही देते, मात्र श्रोते शाळेतील मंडळी, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच असावे लागतात. यूट्यूबवर हे कुंपण उरत नाही. शिवाय शब्बाथ पाळणाऱ्या घरांत त्या दिवशी ध्वनिमुद्रण करताच येत नसल्यामुळे ते मधल्या एखाद्या वारी, वर्गात किंवा स्टुडिओत केले जाते, आणि मग तो धार्मिक समारंभ होता असे म्हणायलाही जागा राहत नाही. अमेरिकेतील कायदाही उपासनेच्या वेळी उपासनास्थळी होणाऱ्या गायनापुरतीच मोकळीक देतो. आणखी एक बाब सहज विसरली जाते: इंटरनेटवरून उतरवलेला कॅराओके ट्रॅक मागे वाजत असेल, तर चालीची परवानगी घेऊनही त्या ट्रॅकच्या निर्मात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते.

रीतसर वाट चालू पाहणाऱ्या छोट्या वर्गासाठी आपला कायदा सोपा नाही, हेही मान्य केले पाहिजे. आधी ध्वनिमुद्रित झालेल्या गीताची नवी आवृत्ती काढण्याचा परवाना कलम 31सी खाली मिळतो. परंतु मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे उलटलेली असावी लागतात, आगाऊ सूचना द्यावी लागते आणि वर्षाला किमान 50,000 प्रतींचे स्वामित्वशुल्क भरावे लागते. भारतातील आपल्या संपूर्ण समाजात एवढी माणसे नाहीत. विशिष्ट भाषेतील किंवा बोलीतील गीतांचा संभाव्य प्रसार पाहून ही किमान संख्या कमी करण्याची तरतूद त्याच कलमात आहे. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला आहे. तेव्हा हिब्रू गीतांसाठी आणि बेने इस्राएलांच्या मराठी गीतांसाठी ही संख्या खाली आणावी, अशी मागणी समाजाच्या संस्थांनी राज्य शासनामार्फत केंद्राकडे लावून धरावी. तोपर्यंत संगीतकाराला किंवा प्रकाशकाला थेट पत्र लिहिणे हाच मार्ग आहे. इस्रायलमधील गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी ‘अकुम’ ही संस्था 1936 पासून काम करते, तिच्याकडेही विचारणा करता येते.

आपल्या धर्मातही याबाबत संदिग्धता नाही. जो एखादे वचन सांगणाऱ्याच्या नावाने उद्धृत करतो तो जगाला मुक्ती आणतो, असे ‘पिर्के आवोत’ या रब्बींच्या वचनांच्या प्राचीन संग्रहात म्हटले आहे. रब्बी मोशे फाइनश्टाइन (1895–1986) यांनी तर तोराच्या (यहुदी धर्मशास्त्राच्या) प्रवचनांच्या ध्वनिफितींबद्दलसुद्धा, त्या काढणाऱ्याने नको म्हटले असताना प्रत करणे ही एक प्रकारची चोरीच आहे, असा निर्णय दिला होता.

आपल्या स्वतःच्या ठेव्याकडे मात्र आपले याहून अधिक दुर्लक्ष आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पूर्वजांनी बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने रचली, साकी-दिंडीसारख्या छंदांत ती गायली, आणि काही वृद्ध स्त्रियांच्या मुखी त्यातले काही अजून आहे. त्यांचे शब्द आता बहुतांशी सर्वांसाठी खुले असतील, पण कोणी ध्वनिमुद्रण केले की त्यावर मुद्रण करणाऱ्या निर्मात्याचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षे राहतो. गाणाऱ्यालाही कायद्याने 50 वर्षांचा सादरकर्त्याचा हक्क दिला आहे. मात्र त्या आजींना आणि त्यांच्यामागे साथ धरणाऱ्या मुलांच्या पालकांना तो कोणी सांगत नाही, आणि लेखी करार तर क्वचितच होतो. ध्वनिमुद्रण कोठे ठेवले जाईल, वर्गांना ते फुकट वापरता येईल का, विक्री झाली तर गाणाऱ्यांना काय मिळेल, हे गाण्यापूर्वीच कागदावर आले पाहिजे. कायद्याचे जाणकार असलेल्या आपल्या वाचकांपैकी कोणी अशा कराराचा आणि परवानगीपत्राचा साधा मराठी नमुना तयार करून दिला, तर आमच्याच नव्हे, भजनी मंडळे आणि चर्चच्या गायनवृंदांनाही तो वापरता येईल.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे