सोळाच्या पुढचा पोर्ट

प्रिय सुध्या,

तीन वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहितोय तीही निम्मी कामासाठी. आधी शिव्या घालून घे. घातल्यास? बरं. तब्येत ठीक. चष्म्याचा नंबर वाढला, गुडघा कुरकुरतो, घरी सगळे मजेत. झालं हे.

वजनकाट्याचा प्रोग्रॅम बंद पडला.

हो, तोच. अजून चालू होता. पाच वर्षं टिकला तर मिशी काढीन म्हणाला होतास, २००३ साली, सरांच्या समोर. मिशीचा हिशेब भेटल्यावर करू. बावीस वर्षं ट्रक येत गेले, 'वजन घ्या' दाबलं जात गेलं, भरलेलं, रिकामं, निव्वळ, पावती. मधे मशीन दोनदा बदललं, प्रिंटर तीनदा, बापू रिटायर झाला, तरी आपली ती राखाडी खिडकी तशीच. तो ज्यात लिहिला त्या व्हीबी सिक्सचा एडिटर मायक्रोसॉफ्टने २००८ च्या एप्रिलमध्ये वाऱ्यावर सोडला, पण त्याचं रनटाइम, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा भाग, आजच्या विंडोजमध्येही येतं. मेलेल्या माणसाची पेन्शन चालू राहावी तसं.

झालं असं की गेल्या महिन्यात जुना कॉम्प्युटर गेला. नव्याला मागे नऊ पिनांचं सॉकेट, काट्याची केबल लागते तो सीरियल पोर्ट, नाही. मग यूएसबीचा कन्व्हर्टर आला. एक चालेना म्हणून दुसरा आणला, दिसेल त्या सॉकेटात खुपसून पाहिला, आणि विंडोज प्रत्येक वेळी पोर्टला नवा नंबर देत गेलं. शेवटी कॉम १७ वर गाडी थांबली. कुणीतरी शहाण्याने आपल्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये १७ लिहिलं. व्हीबीत पोर्ट उघडणाऱ्या एमएसकॉमला सोळाच्या पुढे मोजता येत नाही, तुला आठवत असेल. पोर्ट उघडलाच नाही.

पण स्क्रीनवर काय आलं? शून्य. एरर नाही, बीप नाही, खोका नाही. ट्रक काट्यावर उभा आणि आकडा शून्य.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन १७ चा ५ केला, आयएनआयमध्येही ५ लिहिला, पाच मिनिटांत चालू. तिथेच गप्प बसलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण माझ्या डोक्यात अडकलं की एरर का नाही आली? 'इन्व्हॅलिड पोर्ट नंबर' यायलाच हवी होती. ती गिळली कुणी?

जुनी सीडी काढली. त्यावर तीन फोल्डर: 'फायनल', 'फायनल २' आणि 'खरंच फायनल'. पोर्टचं मोड्यूल उघडलं. तुझंच, सगळी नावं तीन अक्षरांची, इंडेंटेशनचा, म्हणजे ओळी आत सरकवण्याचा, पत्ता नाही. आणि वरून चौथ्या ओळीवर, व्यवस्थित चार स्पेस सोडून, ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट: चूक झाली तरी गुपचूप पुढच्या ओळीवर जा. पुढे कॉमेंट, रोमन लिपीत मराठी: 'तात्पुरतं. उद्या काढणे.' तारीख २० जून.

वीस जूनला तू इथे नव्हतास. तू ताईकडे गेला होतास. आणि आपल्या दोघांत चार स्पेस कोण सोडायचा?

आता तुला कळलं असेल मी काय सांगतोय. त्या दोन पावत्या. लागोपाठचे दोन ट्रक आणि दोन्हींवर १४,३२० किलो. केबल सैल होती, पोर्टवरून रिकामी स्ट्रिंग आली, तिचा आकडा करताना टाइप मिसमॅच, एरर १३, आणि माझ्या त्या ओळीमुळे प्रोग्रॅम ती पायरी ओलांडून पुढे गेला. व्हेरिएबलमध्ये आधीच्या ट्रकचं वजन होतं, तेच छापलं. सरांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, 'पोर्टचं सुध्याने लिहिलंय.' खोटं नव्हतं बोललो, त्या रात्री एररचे खोके यायला लागले म्हणून मीच ती ओळ घातली हे पार विसरलो होतो. खरंच विसरलो होतो का, हे मात्र आता छातीठोक सांगता येत नाही.

सगळ्यात वाईट ते पुढे. तुझ्या मशीनवर तुझी कॉपी होती, त्यात ती ओळ नव्हतीच. तू तीन रात्री जागून स्वतःचं बिनचूक कोड तपासत बसलास. आणि मी वर ऐकवलं की डेल्फीत कोड लिहिणाऱ्यांना व्हीबी कुठून कळणार.

असो. असो म्हणतोय, पण सुटत नाहीये.

आता नवीन लिहायचाय. सगळे विचारतात भाषा कुठली, आणि मला झोप नाही. हसू नकोस.

आमच्याकडे एक नवीन पोरगा आलाय, हुशार आहे, तुझ्यासारखाच उद्धट. तो म्हणतो इलेक्ट्रॉन. आख्खं क्रोमियम, म्हणजे ब्राउझरच, आणि नोड सोबत घेऊन फिरायचं, पडदा एचटीएमएलचा, कोड टाइपस्क्रिप्टचा. मी म्हटलं, अरे, आकडा दाखवायचाय आणि पावती छापायचीये, त्याला शंभर एमबीच्या आसपासचं इन्स्टॉलर? तो म्हणाला, काका, तुम्ही दिवसभर ज्या व्हीएस कोडमध्ये बसता तो कशात लिहिलाय? मी गप्प. पण सीरियल पोर्टचं मोड्यूल इलेक्ट्रॉनची आवृत्ती बदलली की कधीकधी पुन्हा बांधावं लागतं, आणि क्रोमियम तर सतत बदलतं. कोपऱ्यात बावीस वर्षं पडून राहायचं काम आहे रे हे. मग त्याने टॉरी दाखवलं. रस्टमध्ये लिहिलेलं, वेबपान दाखवायला सिस्टिममधलाच वेबव्ह्यू वापरतं, फाइल एवढीशी. एवढीशी खरी, पण मग विंडोजवर एक इंजिन, लिनक्सवर दुसरं. आज माझ्याकडे दिसतंय ते उद्या तिकडे तसंच दिसेल याची हमी कोण घेणार?

पायथॉन मी स्वतः करून पाहिलं. शनिवारी दुपारी बसलो, दिवेलागणीला काट्याच्या इंडिकेटरचा आकडा पायथॉनच्या टीकिंटर टूलकिटने काढलेल्या खिडकीत नाचत होता. पन्नास ओळी! तुझी आठवण झाली, कारण या भाषेत इंडेंटेशन चुकलं तर प्रोग्रॅम चालतच नाही, तुला पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता. पण दुसऱ्याच्या मशीनवर न्यायचं म्हटलं की आख्खा इंटरप्रिटर गुंडाळून ईएक्सई करावी लागते. एकाच फाइलची केली तर ती दर वेळी उघडताना टेम्पमध्ये स्वतःला सोडवत बसते, आणि अँटिव्हायरसला असल्या फाइलचा फार लवकर संशय येतो. माझी पहिलीच ईएक्सई क्वारंटाइनमध्ये गेली. टीकिंटरऐवजी क्यूट घे म्हणतात. देखणं आहे, १९९५ पासून टिकलंय. तिथे पायक्यूट की पायसाइड हा परवान्याचा वेगळाच तंटा: एक जीपीएल किंवा पैसे, दुसरं एलजीपीएल. सी प्लस प्लसमधून थेट क्यूट? माझं वय बघ. जावाचं विचारू नकोस. तिथलं खिडक्या काढणारं स्विंग म्हातारं झालं, त्याच्या जागी आलेल्या जावाएफएक्सला जावा ११ मध्ये घराबाहेर काढलं.

एक गोष्ट मात्र मी सगळीकडे आधी तपासली. ड्रायव्हरचं नाव मराठीत. आपण तेव्हा जुन्या फॉन्टची हातचलाखी केली होती, कारण व्हीबीच्या टेक्स्टबॉक्सला युनिकोड कळत नव्हता. आता वाटतं सुटला प्रश्न, पण काही हलक्या नव्या टूलकिटमध्ये 'क्षितिज' लिहून बघ. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर असते, दाखवताना आधी यावी लागते, आणि क्षचं जोडाक्षर व्हायला लागतं. हे काम हार्फबझसारखं काहीतरी करतं. ज्यांनी ते घेतलेलं नाही तिथे क वेगळा, ष वेगळा, मधे पाय तुटलेला हलन्त. पोरग्याला अशी एक खिडकी दाखवली, तेव्हा पहिल्यांदा तो काही बोलला नाही.

आणि हो, लॅझरसही, डेल्फीचा तो फुकट भाऊ, उतरवून पाहिलं. तुझ्यासाठी. उघडलं आणि वाटलं तू शेजारी बसलायस. फॉर्मवर बटण ओढायचं, डबल क्लिक, प्रोसीजर हजर. एकच नेटकी ईएक्सई, सोबत काही नको, फुकट, विंडोज-लिनक्स दोन्ही. तू २००३ साली डेल्फी डेल्फी करून घसा कोरडा केलास, ते ऐकलं असतं तर आज फक्त पुन्हा कंपाइल करून मोकळा झालो असतो. कदाचित. कागदावर आजही तेच सगळ्यात बरं बसतं, मी कबूल करतो, लिहून देतो, हे घे, लिहिलं. पण मी गेल्यावर त्यातली पास्कल भाषा वाचणार कोण? पोरग्याला 'बिगिन' दाखवलं तर म्हणाला, हे काय, संपणार कधी?

म्हणून बहुतेक भाषा सी शार्प, खिडक्या विनफॉर्म्सच्या. जुनाट म्हणतील, म्हणू देत. डब्ल्यूपीएफ, सिल्व्हरलाइट, यूडब्ल्यूपी, माउई, मायक्रोसॉफ्टची दर काही वर्षांनी नवी नवरी. सिल्व्हरलाइट तर २०२१ मध्ये अधिकृतपणे संपलंसुद्धा. आणि २००२ चं विनफॉर्म्स सगळ्यांच्या वराती बघत ओट्यावर बसलंय. सी शार्प ज्यावर चालतं ते नवं डॉट नेट घ्यायचं की जुनं फ्रेमवर्क ४.८, एवढंच अडलंय. नव्याच्या लांब मुदतीच्या आवृत्तीलाही आधार तीनच वर्षं, जुनं विंडोजच्या गळ्यात बांधलेलं. मी ४.८ कडे झुकलोय. डेटा एसक्यूलाइटमध्ये. त्यांनी २०५० पर्यंत सांभाळू म्हटलंय, म्हणजे आपल्या दोघांपेक्षा जास्त. जुन्या एमडीबी डेटाबेसचं ते रोजचं 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' एकदाचं सुटेल.

आता तू जिंकलास कसा ते बघ. सी शार्प केली कुणी? हेल्सबर्गने. तुझ्या डेल्फीचाच माणूस, मायक्रोसॉफ्टने पळवलेला. पोरग्याचं टाइपस्क्रिप्टही त्याचंच. मी कुठल्याही दाराने आत गेलो तरी तुझा हा डॅनिश बाबा उंबऱ्यावर उभाच.

तर मग झोप का नाही, विचारशील. कारण मी परवा रात्री प्रत्येक भाषेत तीच ओळ शोधली. पायथॉनमध्ये 'एक्सेप्ट, पास', दोन शब्द. सी शार्पमध्ये रिकामा कॅच, दोन कंस. रस्टचा कंपायलर निकाल टाकून दिला तर कुरकुरतो, पण 'चूक झाली तर हे जुनं वजन वापर' असं सभ्यपणे लिहिलं तर तोही मान डोलावतो. मला अशी भाषा हवी होती की जिच्यात वीस जूनच्या रात्री मला ते करताच आलं नसतं. नाहीये.

शिवाय पहिल्याच प्रयोगात घोळ घातला. सीरियल पोर्टचा 'डेटा आला' हा इव्हेंट वेगळ्या थ्रेडवर येतो, तिथून थेट लेबलला हात लावला की डॉट नेट ओरडतं. रात्रीचे साडेअकरा, खोका स्क्रीनवर, आणि माझी बोटं आपोआप ट्राय-कॅच टाइप करायला लागली, आतमध्ये काहीच नाही. कॅचपर्यंत पोचलो होतो, सुध्या. बावीस वर्षांनी, तसाच खोका, तोच मी. मशीन बंद करून झोपायला गेलो आणि तुझं पत्र मनात लिहायला लागलो.

तुझं काय? घर बदललंस असं नंदूकडून कळलं, नवा पत्ताही त्याच्याकडूनच घेतला. वहिनींना नमस्कार, लेकीचं कॉलेज सुरू झालं का? तू अजून नोकरीत की सोडलीस? हे सगळं सविस्तर लिही, मला माहितीये मी दोन ओळींत उरकतोय.

मागणं असं आहे. खिडक्या, पावती, डेटाबेस मी करतो. पोर्टचं मोड्यूल तू लिही. वेगळं डीएलएल कर, तुझ्या तीन अक्षरी नावांसकट, मला चालेल. इंडेंटेशनला मी हात लावणार नाही, बाकी कशालाच लावणार नाही. वजन आलं नाही तर नाही आलं म्हणून सांगणारं हवं, आणि जुना आकडा कुठेही साठवून ठेवलेला नको. या वेळी कोड पोरग्याच्या गिटमध्ये राहील, कुठली ओळ कुणी, कोणत्या रात्री घातली ते कायमचं दिसेल. सर आता नाहीत, नाहीतर त्यांना जाऊन सांगितलं असतं. बापूला सांगितलं. तो म्हणाला, 'मला वाटलंच होतं.' बघ म्हणजे.

इंडिकेटर तोच आहे. २४०० बॉड, सुरुवातीला एसटीएक्स, मग सात आकडे, शेवटी कॅरेज रिटर्न. स्ट्रिंग तुकड्यातुकड्यांनी येते, कॅरेज रिटर्न येईपर्यंत गोळा करत राहावं लागतं. तुला हे सांगायला नको, तुझ्या कॉपीत ते होतंच.

तुझा,
विन्या