विषय: अंडरबॉडी कोटिंग करताना काढलेले हीट शील्ड परत न बसवल्याबद्दल तक्रार

चिपळूण, जि. रत्नागिरी
१७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय

संदर्भ: मे २०२५ चे जॉब कार्ड (प्रत सोबत). डिझेल गाडी, नोंदणी २०१२.

महोदय / महोदया,

यंदा मे महिन्यात, पावसाळा तोंडावर असताना, मी माझी गाडी आपल्या घाटावरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये अंडरबॉडी कोटिंगसाठी दिली. कोटिंग झाले, ४,८०० रुपये घेतले गेले, गाडी धुऊनपुसून मिळाली. गाडीच्या पोटाखालचा एक भाग मात्र परत मिळाला नाही. सायलेन्सरचा पाइप आणि गाडीचा मजला यांच्या मधोमध असलेले अ‍ॅल्युमिनियमचे हीट शील्ड, ज्याला आमच्याकडचे मेकॅनिक नुसते 'पत्रा' म्हणतात, ते कामासाठी काढले आणि बसवलेच नाही. वर त्या जागेवर डांबरी कोटिंग मारून ठेवले. सर्व्हिस सेंटरने माझे म्हणणे ऐकून घेतले, पण मान्य केले नाही. म्हणून हे पत्र थेट आपल्याला लिहीत आहे.

पावसाळाभर काही जाणवले नाही. ओल्या रस्त्यावर खालून सतत पाणी उडत असते, पाइप तापला तरी लगेच निवतो. ऑक्टोबरची उन्हे पडली आणि कराडला जाताना कुंभार्ली घाट चढून हेळवाकला पोहोचेपर्यंत गाडीत तापलेल्या डांबराचा वास भरला. आधी वाटले, पुढे कुठेतरी रस्त्याचे काम चालू असेल; गुहागर-विजापूर रस्त्यावर त्याचे कुणाला नवल वाटत नाही. पण काचा वर केल्या तर वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मागच्या सीटवर आई होती. तिने चप्पल काढून पाय खाली टेकवले होते, ते तिने उचलून मांडी घातली. हँडब्रेकच्या बाजूला हात लावून पाहिला तर पुष्कळ वेळ ठेववेना.

चिपळूणला आल्यावर आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर घेतली. पुढचा प्रकार सोबतच्या फोटोंत स्पष्ट दिसतो, तरी लिहितो. मजल्याच्या मधोमध, सायलेन्सरचा पाइप ज्या खोलगट जागेतून मागे जातो, तिथला पत्रा गायब आहे. तो ज्यांवर बसतो ते चारही स्टड, म्हणजे मजल्याला जोडलेले आटे असलेले खिळे, जागच्या जागी आहेत. आजूबाजूला काळ्या कोटिंगचा जाड थर आहे, पण स्टडचे आटे स्वच्छ आहेत आणि प्रत्येक स्टडभोवती रुपयाएवढे कोरे वर्तुळ राहिले आहे. म्हणजे फवारा मारण्याआधी ज्याने कुणी पत्रा उतरवला, त्याने आटे कोटिंगने बुजू नयेत म्हणून स्टडवर टेप लावली होती. तो माणूस कामाचा होता. पत्रा परत बसवायचा आहे हे त्याला ठाऊक होते. टेप काढलीही गेली. त्यानंतर पत्र्याचे काय झाले, ते आपल्या सर्व्हिस सेंटरने शोधायचे आहे.

याच गॅरेजने जानेवारीत सायलेन्सरचे रबर बदलले होते. त्या वेळी खालून काढलेला फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये सापडला. त्यात पत्रा जागेवर आहे. त्या कामाचे बिलही सोबत जोडले आहे.

आता आपल्या सर्व्हिस सेंटरने दिलेली उत्तरे. पहिले उत्तर, 'चिपळूणची गाडी आहे ना, मग पुरात गेला असेल.' २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणकरांचे काय काय गेले याची यादी आमच्याकडे पुष्कळ मोठी आहे, पण माझी गाडी त्या दिवशी उंचावर होती आणि तिला पाणी लागलेले नाही. लागले असते तरी वाशिष्ठीच्या पाण्याने चार नट सोडवून स्टडला टेप लावली असती असे मला वाटत नाही. २०२१ मध्ये वाहून गेलेला पत्रा २०२५ च्या जानेवारीत फोटोत कसा आला, हेही कुणी सांगितले नाही.

दुसरे उत्तर, 'गंजून पडला असेल.' अ‍ॅल्युमिनियम लोखंडासारखे गंजत नाही. मात्र या उत्तरात थोडे तथ्य असू शकते, म्हणून मी ते झटकून टाकत नाही. लोखंडी स्टड आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा यांचे आमच्या खाऱ्या, दमट हवेत फार काळ जमत नाही. दोन धातू टेकतात तिथे पांढरी भुकटी धरते, अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते, भोक मोठे होते आणि एक दिवस पत्रा सैल होऊन खडखडू लागतो. कोकणातल्या बहुतेक जुन्या गाड्यांची हीच कथा आहे आणि बहुतेक गॅरेजांत त्यावर एकच इलाज होतो: पत्रा काढून टाकायचा, आवाज बंद. माझा अंदाज असा की तुमच्या मुलांनी पत्रा उतरवला तेव्हा त्याची भोके मोठी झालेली असावीत, परत बसवताना नट आरपार जाऊ लागला असावा आणि संध्याकाळी गाडी द्यायची घाई असावी. तसे असेल तर मला फोन करून सांगायला हवे होते. नटाखाली मोठा, रुंद वॉशर घातला की तोच पत्रा आणखी काही वर्षे घट्ट बसतो. तो वॉशर हार्डवेअरच्या दुकानात काही रुपयांना मिळतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला हे कुणी शिकवायला नको.

तिसरे उत्तर सर्व्हिस मॅनेजरचे: 'डिझेल गाडीला तसा त्याचा काही उपयोग नसतो, डिझेलचा धूर थंड असतो.' गाडी जागेवर घुरघुरत उभी असेल तर हे बरोबर आहे. डिझेल इंजिनात हवा जास्त, इंधन कमी, त्यामुळे हलक्या कामात धूर पेट्रोलपेक्षा कमी तापतो. पण चार माणसे आणि डिकीत सामान घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये घाट चढताना टर्बोच्या तोंडाशी तोच धूर पाच-सहाशे अंशांपर्यंत जाऊ शकतो. मजल्याखाली येईतो तो निवतो खरा, तरी आईला पाय वर घ्यावे लागण्याइतका गरम राहतो. आणि उपयोग नसलेला पत्रा आपल्याच कारखान्याने चार स्टड मजल्याला जोडून तिथे कशासाठी बसवला होता? आजच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःला साफ करताना सहाशे अंशांच्या घरात जातो. तिथेही आपले मॅनेजर हेच सांगणार का?

या शील्डचे काम कसे चालते ते मॅनेजरना तोंडी सांगून पाहिले, आता लिहून देतो. पत्रा अगदी पातळ असतो, हाताने वाकेल असा. ताठपणा यावा म्हणून त्यावर बारीक उठाव पाडलेले असतात. त्याची चकचकीत बाजू पाइपातून फेकली जाणारी उष्णता मोठ्या प्रमाणात परतवते. उरलेल्या उष्णतेला पत्रा आणि मजला यांच्यातली हवेची फट अडवते. माझ्या गाडीत या दोन्ही गोष्टी गेल्या आहेत आणि त्या जागी काळाकुट्ट डांबरी थर आला आहे, जो उष्णता परतवत नाही, ओढून घेतो. कोटिंगच्या डब्यावर सायलेन्सर आणि तापणाऱ्या भागांजवळ मारू नये अशी सूचना असते. पत्रा नसलेला मजला हा तापणारा भागच झाला. म्हणजे नुसता पत्रा विसरला असता तर एक चूक होती. वर कोटिंग मारल्याने ती दुप्पट झाली. गरम होऊन तो थर ओघळू लागला आहे, फोटो क्रमांक ४ मध्ये त्याचे थेंब थेट पाइपाच्या वर लोंबताना दिसतील. हँडब्रेकच्या केबलचे वेष्टणही याच खोलगट भागातून जाते.

मागे, डिझेलच्या टाकीला आड येणारा दुसरा पत्रा आहे आणि तो जागेवर आहे. माझ्या गाडीची टाकी प्लास्टिकची असल्याने हे मी सगळ्यात आधी पाहिले. तो नसता तर गाडी रस्त्यावर काढलीच नसती. सध्या गावात, जवळच्या अंतरापुरती चालवतो. घाटात नेणे बंद केले आहे.

नवा पत्रा विकत घ्यायचीही माझी तयारी होती, हे नोंदवून ठेवतो. आपल्या पार्ट काउंटरवर आधी १,२६० रुपये किंमत सांगितली, ऑर्डर घेतली आणि मग 'हा भाग आता येत नाही, गाडी जुनी झाली' म्हणून रद्द केली. भंगारात बघा, असा सल्लाही मिळाला. ज्या काउंटरवर हा सल्ला मिळाला त्याच्या मागच्या भिंतीवर 'फक्त अस्सल सुटे भागच वापरा' असा मोठा फलक आहे. गॅरेजवाला म्हणतो, जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पत्रा कापून ठोकून देतो. त्याचा हेतू चांगला आहे, पण सपाट जीआय पत्रा जड, थरथरणारा आणि मजल्याला कुठे ना कुठे टेकणारा. टेकला की हवेची फट गेली आणि मध्ये साचलेल्या पाण्याने दोन पावसाळ्यांत मजलाच सडायचा. अ‍ॅल्युमिनियमचा, फट राखून नीट केलेला पत्रा चालेल, पण तो करून घ्यायची जबाबदारी ज्याने मूळ पत्रा हरवला त्याची आहे.

गाडी जुनी झाली हे कारण मला वारंवार ऐकवले गेले. तेरा वर्षांची गाडी जुनी आहेच. पण इथे दिल्लीसारखा डिझेल गाडी दहा वर्षांत बंद करण्याचा नियम नाही. माझी नोंदणी २०२७ पर्यंत वैध आहे आणि त्यानंतर फिटनेस तपासून नूतनीकरण करण्याचा माझा विचार आहे. शिवाय मे महिन्यात कोटिंगचे पैसे घेताना गाडी जुनी असल्याचे कुणाच्या लक्षात आले नव्हते. आपल्या कॉल सेंटरला केलेल्या तक्रारीवर मोबाइलवर संदेश आला की तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे. समाधान कुणाचे झाले ते त्यात लिहिलेले नव्हते.

माझे मागणे साधे आहे. पाइपाच्या वरच्या भागातले कोटिंग आधी पूर्ण खरवडून काढावे, उघड्या पडलेल्या मजल्याला उष्णता सोसणारा रंग द्यावा आणि मग मूळ शील्ड किंवा त्याच मापाचे अ‍ॅल्युमिनियमचे शील्ड योग्य वॉशर घालून, फट राखून बसवून द्यावे. हे करताना हँडब्रेकच्या केबलचे वेष्टण आणि ब्रेकच्या नळ्या तपासाव्यात. उष्णतेने खराब झाले असेल ते बदलावे. या कामाचा एकही रुपया मी देणार नाही. तो भाग बनवणे आपण खरोखर बंद केले असेल तर तसे लेखी कळवावे आणि पार्ट नंबर व मापे द्यावीत, म्हणजे निदान माझ्यासारखे इतर गाडीवाले चांगल्या कारागिराकडून तो करून घेऊ शकतील. आणि कोटिंगच्या जॉब कार्डावर 'काढलेले भाग' आणि 'परत बसवलेले भाग' असे दोन रकाने छापून घ्यावेत. माझ्या कार्डावर 'अंडरबॉडी कोटिंग, पूर्ण' एवढेच लिहिले आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात जाईन. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, एवढ्या लहान रकमेला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे मी पाहून ठेवले आहे. तिथवर जायची हौस मला नाही. माझे काम एका सकाळचे आहे.

दुरुस्तीसाठी गाडी घाट चढून आपल्या सर्व्हिस सेंटरपर्यंत चालवत आणायला सांगू नये, ही विनंती. टोइंगची व्यवस्था करावी, किंवा माणूस आणि सामान चिपळूणला पाठवावे. रॅम्प द्यायला इथला गॅरेजवाला तयार आहे. रविवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी दहानंतर चालेल, आदल्या दिवशी फोन करावा. नंबर जॉब कार्डावर आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: जॉब कार्ड व पावतीची प्रत, रॅम्पवर काढलेले सहा फोटो, जानेवारी २०२५ चा फोटो व गॅरेजचे बिल, रद्द केलेल्या पार्ट ऑर्डरची पावती.