वाचूनच सही केली होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या कायदेविषयक सदरात आपल्या वकीलसाहेबांनी सल्ला दिला आहे की, नोकरीच्या करारातील अटी नीट वाचूनच सही करावी. सल्ला सोन्यासारखा आहे. फक्त तो देणाऱ्याने शेवटचा नोकरीचा अर्ज कधी केला होता, तेवढे कळले असते तर बरे झाले असते.

माझ्या भाच्याने वाचूनच सही केली होती. भुसावळच्या आयटीआयचा मुलगा, जळगाव एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटयांच्या एका कारखान्यात एक्स्ट्रूडरवर, म्हणजे दाणा वितळवून पट्टी काढणाऱ्या मशिनवर लागला. बारावे कलम त्याने वाचले, खटकले म्हणून विचारलेही. ऑफिसातला माणूस म्हणाला, "सही कर भो, सगळेच करतात." बावीस वर्षांच्या पोराने यावर काय करायचे होते? पेन ठेवून घरी यायचे? बरे, स्टॅम्प पेपरही त्याच्याच खिशातून. जिथे 100 चा चालायचा तिथे ऑक्टोबर 2024 पासून 500 चा लागतो, म्हणजे आपल्याच पायात बांधायची दोरी आपणच महागात विकत आणायची.

ते बारावे कलम असे: नोकरी सोडल्यापासून दोन वर्षे 200 किलोमीटरच्या परिघात प्लॅस्टिकच्या कोणत्याही कारखान्यात काम करणार नाही. मी 31 वर्षे भूगोल शिकवला. त्यामुळे नकाशा आणि कंपास घेऊन बसलो. जळगाव मध्यभागी धरून वर्तुळ काढले तर धुळे आत, नंदुरबार आत, छत्रपती संभाजीनगर, अकोला, बऱ्हाणपूर सगळे आत. इंदूरसुद्धा काठावर सापडते. नाशिक तेवढे जेमतेम सुटते. (आपल्या हवामानाच्या चौकटीतही नाशिकच मोठ्या अक्षरात असते. जळगाव 44 अंशांवर भाजत असले तरी खाली मुंगीएवढ्या टाइपात. हे मी मागेही कळवले होते.) थोडक्यात, पोराने खान्देश सोडून सुरतेला जावे. तिथे आपली माणसे कमी आहेत असे मालकाला वाटत असावे.

त्यातही गंमत अशी की करारात "परीघ" लिहिले आहे, "त्रिज्या" नाही. परीघ 200 किलोमीटर धरला तर त्रिज्या 32 च्या आसपास येते आणि धुळे साफ बाहेर पडते! भाचा धुळ्यालाच चालला होता. त्याला मी हे समजावून सांगितले. तो म्हणाला, "मामा, हे तुम्ही मालकाला शिकवा."

आता कायदा. भारतीय करार कायदा 1872 चा, त्याचे कलम 27 सांगते की कुणाला त्याचा धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. अपवाद दुकानाचा नावलौकिक (गुडविल) विकणाऱ्याचा. भाच्याने काही विकलेले नाही. श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानला त्याची जाहिरातींची कामे पाहणाऱ्या जुन्या एजन्सीने करार संपल्यावरही बांधून ठेवायला पाहिले, तेव्हा 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. वकीलसाहेबांनी मात्र सरकारी बँकेच्या बाजूने लागलेला सर्वोच्च न्यायालयाचा 2025 चा निकाल पुढे करून वाचकांना घाबरवले आहे. तो वेगळा विषय. तिथे तीन वर्षांच्या आत सोडल्यास 2 लाख भरण्याची अट होती. सोडल्यावर कुठे जायचे नाही, असे त्यात नव्हते. पेपर तपासताना मी याचे अर्धेच गुण दिले असते.

पण खरे सांगू? कायदा भाच्याच्या बाजूने असून त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. मालक कोर्टात गेलाच नाही. त्याने धुळ्याला एक फोन केला, आणि तिकडून निरोप आला, "तुमच्याकडून मोकळे होऊन या, मग बघू." मोकळे होण्याचे पत्र मालक देत नाही. आयटीआयचे मूळ प्रमाणपत्र "व्हेरिफिकेशनसाठी" त्याच्याच ड्रॉवरमध्ये, सव्वा वर्ष झाले. धुळ्याला महिना चार हजार जास्त मिळणार होते. याला कोणते कलम लावायचे, ते पुढच्या मंगळवारी छापावे.

आणि हे सगळे कोणती गुपिते राखायला? ओला दाणा मशिनला दिला तर पट्टी तुटते, हे गुपित. बॅरलचे तापमान केव्हा उतरवायचे, हे गुपित. अर्धे आयटीआयने शिकवले, उरलेले बोटे भाजून कळले. मालक स्वतः आधी दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते. तिथून निघाले आणि चार प्लॉट सोडून स्वतःचा कारखाना टाकला. तेव्हा त्यांच्याभोवती कुणी वर्तुळ काढले नाही. चांगलेच झाले, आमच्या पोराला नोकरी तरी लागली.

पत्र छापणार असाल तर माझे नाव आणि कॉलनी कृपया छापू नये. प्रमाणपत्र अजून ड्रॉवरमध्येच आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, जळगाव