पिंजरा झाला, चाऱ्याचे काय?

घाना, नायजेरियात ‘ग्रासकटर’ या मोठ्या रानउंदराचे मांस चवीने खातात. त्याला बाहेर काढायला शिकारी रानाला आगी लावतात. म्हणून तो शहरातच परसदारी पाळा, असा आग्रह तिथे धरला जातो. जागा थोडी, मांसाला भाव चांगला, त्यामुळे शहरी माणूस हौसेने तयार होईलही. पण गर्भकाळ तब्बल 5 महिने आणि एका वेतात जेमतेम 4 पिल्ले. उंदराच्या मानाने फारच संथ कारभार! त्यात रोज हत्तीगवत हवे (आपल्या गोठ्यांत घालतात तेच). ओले घातले तर पोट फुगते, आधी सुकवावे लागते. शहरात ते कापायचे कुठून? कर्ज देणाऱ्यांनी पिंजऱ्याआधी हे विचारावे.

– एक पशुपालक, सातारा