दिवास्वप्न कुणाचे, हे कॅमेऱ्याने विसरू नये

महोदय,

नवरा-बायकोच्या नात्यावरचे, ‘ए’ प्रमाणपत्राचे चित्रपट आले की परीक्षणांत ‘स्वप्न आणि वास्तवाची सुंदर सरमिसळ’ असे एक वाक्य येते आणि विषय संपतो. ती साधली कशी, किंवा फसली कुठे, हे लिहिले जात नाही. ‘प्रभात’ स्टुडिओच्या आवारातल्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून १९६० पासून चित्रपट शिकवणाऱ्या पुण्यात तरी ते लिहिले जावे.

१९५१च्या ‘आवारा’तले स्वप्न धूर, पायऱ्या आणि अवाढव्य मूर्तींतून उभे राहते, हे स्वप्न आहे, याबद्दल शंकाच उरत नाही. संसारी बाईचे दिवास्वप्न मात्र त्याच ओट्यापाशी, त्याच दुपारच्या उजेडात घडते. तिथे स्लो मोशन किंवा धूसर फिल्टर लावला की पहिल्याच सेकंदाला भांडे फुटते. लेन्स तीच, रंगही तेच राहू द्यावेत. नजर फ्रेमबाहेर गेलेला चेहरा तीन-चार सेकंद धरावा, मग तिला जे दिसते त्यावर कट घ्यावा आणि चेहऱ्यावर लगेच परतू नये.

फरक करायचा तो आवाजात. प्रत्येक खोलीला स्वतःची घरघर असते: पंखा, फ्रिज, खालून जाणारी रिक्षा. चित्रीकरणाच्या जागी हा ‘रूम टोन’ किमान अर्धा मिनिट वेगळा रेकॉर्ड करून ठेवावा लागतो. कटच्या बारा फ्रेम आधी, म्हणजे अर्धा सेकंद, तो उतरवत न्यायचा. मागे फक्त श्वास आणि कपड्यांची सळसळ उरते. डोळ्याला पत्ता लागत नाही, कानाला लागतो. परतताना उलट करायचे: कुकरची शिट्टी स्वप्नातच सुरू होते आणि मग कट ओट्यावर.

सर्वांत जास्त घोळ कंटिन्युइटीत, म्हणजे एका शॉटमधल्या वस्तू-कपडे पुढच्या शॉटशी जुळवण्यात, होतो. खरा आणि कल्पनेतला प्रसंग एकाच दिवशी, एकाच सेटवर उरकतात. एका शॉटमध्ये मंगळसूत्र असते, दुसऱ्यात नसते, आणि चाणाक्ष प्रेक्षक तीच खूण धरून चुकीच्या दिशेने जातो. कंटिन्युइटी शीटवर खरे आणि कल्पित असे दोन रकाने हवेत. मुद्दाम ठेवायचा फरक एकच असावा, उदाहरणार्थ टवका उडालेला कप स्वप्नात अखंड, आणि तो प्रत्येक वेळी पाळावा.

याहून गंभीर चूक कॅमेऱ्याची. स्वप्न बायकोचे, आणि कॅमेरा फिरतो बायकोच्याच अंगावरून! माणूस मनोराज्यात स्वतःची पाठ न्याहाळत बसत नाही. त्याला दिसतो समोरच्याचा हात, मान, ओठांची हालचाल. इथे चुकले की ते स्वप्न तिचे राहत नाही, दिग्दर्शकाचे होते. प्रेक्षागृहातल्या बायका अस्वस्थ होतात त्या प्रणयदृश्यामुळे नव्हे, या अदलाबदलीमुळे.

सेन्सॉरच्या कात्रीचाही विचार हवा. प्रणयदृश्याची शेपटी कापली तर बहुधा परतीची खूणच जाते. म्हणून ती खूण निर्धोक शॉटमध्ये, चेहऱ्यावर किंवा वस्तूवर ठेवावी. कल्पनेतल्या पुरुषाच्या हाती सिगारेट तर देऊच नये. पडद्याच्या तळाशी वैधानिक इशारा झळकतो आणि प्रेक्षक थिएटरात परत येतो.

एवढे करूनही थिएटरात माती होऊ शकते. मिक्सिंग, म्हणजे सगळ्या आवाजांची अंतिम जुळणी, थिएटरच्या ध्वनियंत्रणेवरच्या ‘७’ या प्रमाण पातळीवर होते. तक्रारी नकोत म्हणून अनेक ठिकाणी ती ५ किंवा त्याखाली ठेवतात. मग पंख्याची घरघर मुळातच ऐकू येत नाही, तर ती थांबलेली कशी कळणार? पडद्यावरचा प्रमाण उजेड १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक). दिवा जुना झाला की तो घटतो आणि कपाचा टवका अंधारात जातो. ध्वनिसंयोजकांनी अंतिम मिक्स एकदा ५ वरही ऐकावा. चित्रगृहचालकांना विनंती, की अशा चित्रपटाचे मध्यंतर निर्मात्याने दिलेल्या जागीच घ्यावे, स्वप्नाच्या मधोमध नव्हे.

— एक चित्रपट संकलक, एरंडवणे, पुणे