माह्या एकट्याच्या उपटण्यानं का होते?

प्रिय गण्या,

दिवाळीला तुझं लांबलचक पत्र आलं, त्याला उत्तर द्यायचं राहून गेलं. तू रागावला असशील तर रागाव. तब्येत बरी आहे, गुडघा अधूनमधून बोलतो, आईची साखर आटोक्यात आहे. एवढं पुरे. आज लिहायला बसलोय कारण शाळेत एक गोष्ट घडली आणि ती इथे कुणाला सांगावी तर कळत नाही. हेडसर ऐकून घेतात आणि म्हणतात, "फार विचार करू नका." बायको म्हणते, "गणेशभाऊंना लिहा." म्हणून तुला.

दहावीच्या विज्ञानाचा भाग दोन तुला माहीत आहे. पहिलाच धडा, आनुवंशिकता व उत्क्रांती. केंद्राच्या पुस्तकातून दहावीचा उत्क्रांतीचा भाग गेला, 2023 मध्ये त्याविरुद्धच्या पत्रावर अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्या केल्या, त्यात तुझीही होती. आपल्या राज्याच्या पुस्तकात मात्र तो धडा पहिल्या पानापासून आहे, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. फक्त त्यात जिराफ आहे, पेरीपॅटस आहे, बदकचोच्या प्लॅटिपस आहे. आमच्या पोट्ट्यांनी जिराफ कुठे पाहिलाय? त्यांनी पाहिली आहे बोंडअळी.

म्हणून यंदा मी धडा मुद्दाम ऑगस्टपर्यंत लांबवला, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, फुलं लागेपर्यंत. मुलांना सांगितलं, येताना डोमकळ्या घेऊन या. दुसऱ्या दिवशी टेबलावर ढीग. पाकळ्या आतून धाग्यांनी बांधल्यासारख्या, फूल उमलायच्या आतच मिटलेलं. एका मुलीनं केसातली पिन काढली आणि पाकळ्या अलगद सोडवल्या. आत ती बसली होती, तांदळाच्या दाण्याएवढी, अजून पांढुरकी, काळ्या डोक्याची. गुलाबी व्हायची होती. सगळा वर्ग टेबलावर वाकला. लेका, तो क्षण तू बघायला हवा होतास.

मी विचारलं, बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं कपाशीचं बियाणं, आलं 2002 मध्ये. त्यानं बोंडअळी मरायची. 2006 मध्ये दोन जनुकांचं आलं. तरी 2017 ला आपल्या यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी अळीनं बोंडं पोखरली. का?

मागून एकजण उठला. "सर, अळीले सवय पडली ना जी औषधाची. माह्या आबाले तंबाखूची पडली तशी."

वर्ग हसला, मीही हसलो. पण गण्या, हेच उत्तर मला गावातल्या प्रत्येक माणसानं दिलंय. कृषिकेंद्रावर हेच, पारावर हेच. आणि हीच मुलं परीक्षेत डार्विनचा सिद्धांत, नैसर्गिक निवड, सिद्धांतावरचे आक्षेप, सगळं बिनचूक लिहून पूर्ण गुण घेतात. दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात, एकमेकींना ओळखही देत नाहीत.

मग मी ताट काढलं. शंभर हरभरे, त्यात शहाण्णव देशी आणि चार काबुली. देशी म्हणजे मरणारी अळी, काबुली म्हणजे औषधानं न मरणारी. एक फवारणी: दहातल्या नऊ देशी बाहेर, काबुली तशाच. उरलेल्यांची वीण त्याच प्रमाणात वाढवून पुन्हा शंभर करायचे. पुन्हा फवारणी. तिसऱ्या फवारणीनंतर ताटात देशी हरभरा शोधावा लागत होता. मी विचारलं, यातला एक तरी देशी काबुली झाला का? कुणाला सवय पडली का? नाही. मरणारे मेले, न मरणाऱ्यांची पोरं राहिली, बस.

तंबाखूवाला गप्प झाला. पण पिनवाली मुलगी म्हणाली, "सर, ते चार काबुली पहिल्यापासून ताटात कुठून आले?"

अरे, एम.एस्सी.ला आपल्या वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता! मी म्हटलं, होत्याच. औषध यायच्या आधीपासून. जनुकाची नक्कल करताना निसर्गात चुका होत राहतात, त्यातली एखादी अशी. औषध नसताना त्या चुकीचा कुणाला पत्ताही नव्हता. ती म्हणाली, "म्हणजे आमच्या वावरात बीटी पेरायच्या आधी पण ती अळी असू शकते?" असू शकते. लाखांत एखादी. ती बराच वेळ काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं काय आणलं माहीत आहे? माळ्यावर पडलेली जुनी रेफ्युजीची, म्हणजे साध्या, बिनबीटी कपाशीच्या बियाण्याची पुडी. 120 ग्रॅमची, न फोडलेली. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत मिळायची, ती वावराच्या कडेनं पेरायची असायची. तिच्या घरी कधी पेरलीच नाही. तुमच्या घरी तरी पेरली का? तुझे बाबा ती बांधावर उधळायचे, मला आठवतं. कडेच्या पाच ओळी कुणी अळीला खायला का द्याव्यात? आता तर साधं बियाणं पाकिटातच मिसळून येतं, निवडायचा प्रश्नच नाही.

पुडीवरून धडा पुढे सरकला. नववीतला मेंडेल फळ्यावर आणला. साध्या झाडावर वाढलेला पतंग, त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती मरणाऱ्या. बीटीवर वाचलेली मादी, तिच्या दोन्ही न मरणाऱ्या. त्यांच्या पिल्लांना एक इकडची, एक तिकडची. एका प्रतीनं भागत नाही, म्हणून ती पिल्लं बीटीवर मरतात. पुडी होती ती यासाठी. चौकट त्या मुलीनं पूर्ण केली, मी खडू तिच्या हातात देऊन बाजूला झालो.

आणि मग मुलांनीच सांगितलं की हिरवी बोंडअळी अजून बीटीला का मरते. मी फक्त विचारलं, ती आणखी कुठे दिसते? "तुरीवर! हरभऱ्यावर! तेच तर घाटेअळी!" म्हणजे तुरीचं आणि हरभऱ्याचं वावर तिच्यासाठी आपोआप रेफ्युजी झालं. गुलाबीला मात्र कपाशीशिवाय फारसं काही चालत नाही, तिला बाहेर कुठलाच आसरा नव्हता. ही सगळी माहिती त्यांच्याकडे आधीच होती, फक्त कुणी एका ओळीत मांडली नव्हती. त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते.

2018 साली औरंगाबादेत एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही म्हणून डार्विन चूक ठरवला, तेव्हा तू रात्री तासभर फोनवर माझ्यावरच ओरडत होतास, जणू मीच म्हटलं होतं. त्याचं उत्तर आपल्या जिल्ह्यात होतं रे. 2002 ते 2017. पंधरा वर्षांत अख्ख्या मुलखातली अळी बदलली, आणि ती आपण सगळ्यांनी पाहिली. तुझ्या मामेभावानं तर पंप पाठीला बांधून पाहिली. त्या हंगामात जिल्ह्यात फवारणीत वीसच्या वर माणसं गेली. तो वाचला, पण त्यानंतर तो कसा झाला ते तुला मी सांगायला नको. म्हणूनच ही गोष्ट मी हसत हसत शिकवू शकत नाही, आणि म्हणूनच तुला लिहितोय.

आता मूळ मुद्दा.

फरदडीबद्दलही, म्हणजे वेचणीनंतर तीच कपाशी पाणी देऊन पुढे ठेवण्याबद्दलही, मी सांगितलं होतं. पऱ्हाटी म्हातारी झाली की तिच्या बोंडातलं विष उतरतं, मग एका प्रतीवाली अळीही जगते. त्यात हंगाम लांबला की अळीच्या आणखी पिढ्या. डिसेंबरात कपाशी संपवली, पऱ्हाट्या उपटल्या, तर पुढच्या पावसापर्यंत तिला खायला राहत नाही. मुलीनं हे घरी सांगितलं. वडिलांची चार एकर आहे, विहिरीला पाणी आहे, फरदड सहज घेता आली असती. त्यांनी डिसेंबरात सगळी पऱ्हाटी उपटली. आजूबाजूच्या कुणीच उपटली नाही.

मागच्या आठवड्यात ते शाळेत आले. मधली सुट्टी होती. दारात उभे राहिले, चप्पल बाहेर काढून. मी खुर्ची दिली, बसले नाहीत. म्हणाले, "सर, पोरीनं सांगतलं म्हणून पऱ्हाटी उपटली जी. बाकीच्यायनं ठेवली. त्यायच्या वावरातले पतंग माह्या वावरात येणारच ना? मंग माह्या एकट्याच्या उपटण्यानं का होते?"

भांडायला आले नव्हते, खरंच विचारत होते. मग सहज बोलून गेले की त्या दोन-तीन क्विंटलमध्ये पोरीची अकरावीची यवतमाळची सोय होणार होती. सायन्सला टाकायचं आहे तिला.

सांग, काय उत्तर देऊ? खरं उत्तर असं की एकट्याच्या उपटण्यानं फार काही होत नाही. अळीची निवड अख्ख्या शिवारात होते आणि तोटा मात्र एका घरात होतो. मी त्यांना चहा पाजला आणि म्हटलं, मला थोडा वेळ द्या, नीट विचारून सांगतो. "बरं," म्हणाले, आणि गेले.

तेव्हापासून मला आपलं लेमिंगचं भांडण आठवतंय. अमरावतीची ती खोली, तुझा स्टोव्ह, आणि मी म्हणत होतो की लेमिंग कळपाच्या भल्यासाठी समुद्रात उड्या घेतात. तू माझी वही खिडकीतून फेकलीस! "कळपाच्या भल्यासाठी कुणी काही करत नाही, ज्याला जास्त पोरं तो टिकतो!" अख्खी खानावळ ऐकत होती, मावशींनी तुझी भाजी बंद केली. लेमिंगच्या बाबतीत तू बरोबर होतास, मान्य, शंभरदा मान्य. पण माणसांच्या बाबतीत तू तेव्हाही हट्टी होतास आणि मला वाटतं अजूनही आहेस. कारण हा माणूस तेच तर करून बसलाय. त्यानं गावाच्या भल्यासाठी आपलं पीक उपटलं, मुलीच्या शब्दावर. आणि तुझा नियम खरा असेल तर पुढच्या वर्षी तोही फरदड ठेवेल, शेजाऱ्यासारखी. मग मी शिकवलेलं सगळं बरोबर असूनही त्या घरापुरतं नुकसानीचं ठरेल. हे मला पटत नाही. रात्री झोपताना पटत नाही, सकाळी फळ्यासमोर उभा राहिलो की पटत नाही.

शिकवणं थांबवायचा विचार नाही, ते तू मनातही आणू नकोस. हा धडा असाच शिकवणार, डोमकळी टेबलावर ठेवूनच. पण वर्गात समजलेली गोष्ट चार एकरांत एकटी पडते. ती निदान शिवारभर समजली पाहिजे. ग्रामपंचायतीत विषय काढलाय. सरपंच म्हणाले, शिक्षकाचं ऐकायला कोण येईल? बाहेरून कुणी अळीवाला साहेब आणा.

तर अळीवाले साहेब, तुम्ही हैदराबादेत बसून वर्षभर पतंगच मोजता ना? ये. फेब्रुवारीत ये, परीक्षेच्या आधी, पुढच्या बियाण्याचे पैसे घरात अजून असताना. मला दोन गोष्टी हव्यात. एक, एका कडेची किती वावरं मिळून पऱ्हाटी उपटली आणि कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावले तर पुढच्या हंगामात फरक दिसेल, याचं तुझं प्रामाणिक उत्तर. गोड बोलू नकोस, फरक पडत नसेल तर तसं सांग. दुसरं, बोलताना वऱ्हाडीत बोल. तुझी ती प्रबंधाची भाषा इथे चालणार नाही, पोट्टे खिडकीतून पळतील.

अकरावीच्या सोयीचं मी बघतोय. वसतिगृहाच्या अर्जाची चौकशी केली आहे, आणि त्यात तुझा हात लागला तर नाही म्हणणार नाही. पण तिच्या वडिलांना हे कळता कामा नये, त्यांना ते आवडणार नाही.

तुझी बदली झाली का रे? नव्या घरात पाणी येतं ना? वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे काकूंकडून कळलं, तू कळवलं नाहीस. छोटी आता चालत असेल. तिच्यासाठी आईनं कापूस पिंजून दुलई शिवून ठेवली आहे, येशील तेव्हा घेऊन जा, पार्सलनं पाठवणार नाही. बाबांच्या वावराचा तुकडा विकायचं काय ठरलं? विकू नकोस असं मी म्हणणार हे तुला ठाऊकच आहे, त्यावर समोरासमोर भांडू.

फोन करू नकोस. लिहूनच कळव, अगदी एक पान का असेना. तुझं उत्तर मला त्या माणसाला त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवायचं आहे, आणि शेजारच्या तिघांनाही तिथेच बोलावणार आहे.

तुझा,
मास्तर

ता. क. रेफ्युजीच्या पुडीतलं बियाणं त्या मुलीनं शाळेच्या परसात टोकलं होतं. इतक्या वर्षांच्या बियाण्यातलं एकही उगवलं नाही. आता तिला जाणून घ्यायचंय की बी किती वर्षं जिवंत राहतं. कपाशीचं माहीत असेल तर तेही लिही.