प्लॅन वाचायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात माझ्याकडे प्लॅटफॉर्म टीमची, म्हणजे कंपनीचे सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या टीमची, जबाबदारी आली, तेव्हा सर्वप्रथम आपली आठवण झाली. आपले आभार मानायचे कित्येक वर्षे राहून गेले आहे. क्लाउड ऑटोमेशनच्या या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनाही ते वाचता यावेत म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

जून 2016 मध्ये अ‍ॅमेझॉनचा मुंबई रीजन, म्हणजे त्यांच्या भाड्याने मिळणाऱ्या क्लाउड सर्व्हरचे इथले केंद्र, सुरू झाला आणि पुण्यातल्या आमच्यासारख्या सिस्टीम अ‍ॅडमिन मंडळींचे काम बदलू लागले. तोवर रॅकमध्ये मशीन बसवणे, आयपी पत्त्यांची एक्सेल शीट सांभाळणे आणि रात्री जागून पॅच टाकणे, हेच माझे विश्व होते. कन्सोलवर, म्हणजे क्लाउडच्या वेबपानावर, चार क्लिक करून सर्व्हर उभा राहतो याचेच मला अप्रूप होते. आपण मला टेराफॉर्मकडे, म्हणजे फाइलमध्ये लिहिल्याप्रमाणे क्लाउडवरची यंत्रणा उभारणाऱ्या साधनाकडे, वळवलेत, आणि सर्व्हर, नेटवर्क, परवानग्या हे सारे फाइलमध्ये लिहून गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवायचे, म्हणजे कोणी, कधी आणि कशासाठी बदलले हे पुढच्या माणसाला कळते, हे पटवून दिलेत.

तरीही 2018 मधली ती रात्र माझ्याच घाईमुळे आली. डेटाबेसचे एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात साठवणे, सुरू करण्यासाठी मी एकच ओळ बदलली होती. चालू डेटाबेसवर ते सुरू करता येत नाही. टेराफॉर्म जुना डेटाबेस काढून नवा उभारते. काय काय बदलणार याची जी यादी टेराफॉर्म आधी दाखवते, त्या प्लॅनमध्ये डेटाबेसच्या नावाआधी उणे आणि अधिक, म्हणजे काढून नवा उभारणार, अशी दोन्ही चिन्हे स्पष्ट छापली होती, परंतु दोनशे ओळींच्या त्या गर्दीत ती न वाचताच मी ‘यस’ टाइप केले. काही मिनिटांत ग्राहकांचा डेटाबेस गेला आणि त्याच्या जागी रिकामा उभा राहिला.

मी फोन केला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आपण एका शब्दानेही रागावला नाहीत. डेटाबेस काढण्यापूर्वी शेवटचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण प्रत, घेण्याची जी ओळ आपण माझ्या फाइलच्या रिव्ह्यूमध्ये हट्टाने ठेवायला लावली होती, तिनेच त्या रात्री आम्हाला तारले. स्नॅपशॉटवरून डेटाबेस परत उभा करणे, टेराफॉर्म आपल्या ताब्यातल्या गोष्टींची नोंद ज्यात ठेवते त्या स्टेट फाइलमधून रिकामा डेटाबेस काढणे, परत उभा केलेला इम्पोर्ट करणे, म्हणजे त्या नोंदीत घेणे, ही प्रत्येक पायरी आपण मला माझ्याच हाताने करायला लावलीत. पहाटे चारला सेवा सुरू झाली. सकाळच्या अहवालात आपण माझे नाव न लिहिता ‘प्लॅनच्या तपासणीत त्रुटी राहिली’ असे लिहिलेत. माझी नोकरी त्या वाक्याने वाचली, असे मी आजही मानतो.

दुसऱ्या दिवशी आपण त्याच प्लॅनची छापील प्रत लाल पेन्सिलसह माझ्यापुढे ठेवलीत आणि ओळ न ओळ वाचून घेतलीत. ती प्रत आजही माझ्या खणात आहे. पुढे 2023 मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला, त्यातून ओपनटोफू हे त्याच्यासारखेच खुल्या परवान्याचे साधन निघाले आणि आम्हीही तिकडे वळलो. परंतु मोठा बदल असला की प्लॅन कागदावर काढून दोघांनी वाचायचा, हा आपला नियम मी मोडलेला नाही.

परवा टीममधल्या एका नव्या मुलीने माझाच बदल अडवला. ‘‘सर, इथे रिप्लेसमेंट दिसतंय, ते हवंच आहे का?’’ म्हणजे पुन्हा तेच, जुने काढून नवे उभारणे. ते नको होते. मी तो बदल मागे घेतला आणि खणातली ती प्रत काढून तिला दाखवली.

आपला कृतज्ञ,
पुण्याचा एक क्लाउड ऑटोमेशन अभियंता